छटाकचं खरं वजन

हृदयाच्या डॉक्टरीणबाई अख्ख्या कुटुंबाला समोर बसवून आजार समजावून सांगत होत्या, आणि त्याच वेळी घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस शेजारच्या वजनकाट्याखाली डोकं घालून बसला होता. काटा सपाट उभा आहे की नाही हे दाखवणारा पाण्याचा बुडबुडा त्याला बघायचा होता. बुडबुडा गोलाच्या बरोबर मध्ये होता. तेवढ्यानं भागेना, म्हणून त्यानं खिशातून रुमालात बांधलेलं पितळी वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. एक किलो, शून्य शून्य शून्य.

"आजोबा, तो बाळांसाठी आहे," नर्स म्हणाली.

"म्हणूनच बघतोय. मोठ्या माणसाचा काटा चुकला तर तो खूशच होतो."

नर्सला हसू आलं. आजीला आलं नाही. "अहो, इकडे या. डॉक्टर काय सांगतायत ते तरी ऐका," ती दबक्या आवाजात ओरडली. ते आले, पण तोवर डॉक्टरीणबाई शेवटावर आल्या होत्या. "साडेचार किलोची झाली की ऑपरेशन करू. त्याच्या आत करावं लागलं तर करू, पण धोका वाढतो." साडेचार किलो हा आकडा तेवढा यांच्या कानात गेला आणि घट्ट बसला. त्याच्या आधीचं एक वाक्य हुकलं. मुलानं आणि सुनेनं ते ऐकलं होतं, पण अशा वेळी माणूस ऐकतो त्यातलं किती त्याच्याजवळ राहतं?

गल्लीत या माणसाला सगळे काटेकोर म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि चाळीस वर्षांत स्वभावही धंद्यासारखाच झालेला. दुकान म्हणजे दहा पावलांची खोली. एका बाजूला लाकडी बाकडं, त्यावर उघडे पडलेले काटे, भिंतीवर चिमटे आणि पेचकस, आणि मखमलीच्या पेटीत ओळीनं बसवलेली पितळी वजनं. त्या वजनांना उघडा हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. हाताच्या घामानंसुद्धा वजन बदलतं म्हणे. एकदा एका बड्या दुकानदारानं किलोमागे दहा ग्रॅम मारणारा काटा करून मागितला. यांनी पिशवी उचलली आणि चालू लागले. तो काटा पुढे दोन वर्षं बंद पडून होता, पण यांनी हात लावला नाही. घरीही तीच तऱ्हा. आजी म्हणायची, "भाजीत मीठ जास्त झालंय असं हे म्हणत नाहीत. किती जास्त झालंय ते सांगतात."

अशा माणसाच्या घरी ती पोर जन्माला आली, दोन किलो सातशे ग्रॅमची. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या म्हटलं, "ही तर छटाकभरच आहे." मग तिचं नाव छटाकच पडलं. तिसऱ्या आठवड्यात बाळांच्या डॉक्टरांनी तपासताना नळी तिच्या छातीवरून उचललीच नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. सुनेनं विचारलं, "काय झालं?" डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली, आणि ती बघूनच घराच्या तोंडचं पाणी पळालं.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक होतं. रक्त अंगभर जायचं सोडून परत फुफ्फुसांकडे वळत होतं. फुफ्फुसं ओली, श्वास भरभर. दूध पिणं हाच त्या पोरीला डोंगर होता. चार घोट घेतले की कपाळावर घाम, आणि पाचव्या घोटाला झोप. अंगातलं पाणी काढायचं औषध दोन वेळा द्यायचं, आई दूध काढून देईल त्यात पावडर मिसळून ते घट्ट करायचं, आणि रोज वजन करायचं. रोज एकाच वेळी, उघड्या अंगानं, दूध पाजायच्या आधी. दर गुरुवारी नर्स फोन करून आकडे विचारणार होती.

वजन करायचं म्हटल्यावर काटेकोरांच्या जिवात जीव आला. हृदयातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण वजनातलं त्यांना शिकवणारा अजून जन्मायचा होता. एका ग्रॅमपर्यंत बोलणारा काटा त्यांनी स्वतः तपासून घरी आणला. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याच्या तीन घड्या घालून ते सपाट केलं. सकाळी सात वाजले की पंखा बंद, खिडक्या बंद. छापखान्यात दुपारपाळी करणारा मुलगा डोळे चोळत येऊन उभा राही. आजी दाराशी. सून छटाकला उघडी करून काट्यावर ठेवी आणि हात सोडवून घेई. मग चौघंही श्वास रोखून उभे. छटाकचा एकटीचाच श्वास चालू, भात्यासारखा भरभर, बरगड्यांच्या खाली खड्डे पाडणारा. आकडे पळत, अडखळत, थांबत.

"तीन तीनशे साठ," काटेकोर वाचत. सून वहीत लिही.

पहिले काही दिवस रोज आठ, दहा ग्रॅम वाढ होती. काटेकोरांनी मनात भागाकार केला: साडेचारला अजून चार महिने. चार महिने तो श्वास तसाच चालायचा? ते कोणाला बोलले नाहीत. सकाळी सातच्या त्या एका मिनिटाची भीती मात्र हळूहळू दिवसभर पसरली. दुपारी गिऱ्हाईकाचा काटा उघडला तरी डोळ्यांसमोर घरचाच आकडा. फोन वाजला की हातातला पेचकस थांबायचा.

आणि एका आठवड्यात वजन उतरायला लागलं. बुधवारी तीन चारशे दहा. गुरुवारी तीन तीनशे शहाण्णव. शुक्रवारी तीन तीनशे चौऱ्याऐंशी.

शुक्रवारचा आकडा वहीत लिहून सून स्वयंपाकघरात गेली आणि जमिनीवर बसली. ही मुलगी मोठी खमकी. लग्नाआधीपासून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला, दिवसाला तीस सदरे शिवायची आणि वर सगळ्यांची थट्टा करायची. ती आता भिंतीला टेकून बसली होती आणि पुढे ठेवलेलं ताट तसंच होतं.

"थोडं खाऊन घे गं," आजी म्हणाली.

"कशाला? माझं दूधच पातळ आहे. तिच्या अंगी लागतच नाही."

"असं काही नसतं."

"नसतं तर मग उतरतंय कसं? बाबांचा काटा खोटं बोलत नाही ना."

दुपारी तिनं दूध काढायला घेतलं, तर रोजच्यापेक्षा निम्मंच आलं. ती बाटली उजेडात धरून बघत राहिली, आणि काटेकोर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना दुहेरी भीती वाटली. ही खात नाही म्हणून दूध आटतंय, दूध आटलं की पोर आणखी उतरेल, पोर उतरली की ही आणखी खाणार नाही. हे चाक कुठेतरी अडवायला हवं होतं. आणि अडवायला त्यांच्या हातात एकच गोष्ट होती.

ती अंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी काटा उलटा केला. तळाशी एक बारीक बटण असतं; ते दाबून किलोचं वजन ठेवलं की काटा त्याला किलो मानतो. किलोच्या जागी दहा ग्रॅम कमी ठेवलं तरी तो बिचारा त्यालाच किलो मानतो, आणि मग प्रत्येक वस्तू शेकडा एक जास्त दाखवतो. रिकामा असला की मात्र शून्य. बघणाऱ्याला ताकास तूर लागत नाही. काटेकोरांनी पितळी वजनं रुमालानं उचलून ठेवली, नऊशे नव्वद. बटण दाबलं. चाळीस वर्षांत जे एकाही दुकानदाराला करून दिलं नव्हतं, ते अर्ध्या मिनिटात झालं.

शनिवारी सकाळी काटा म्हणाला, तीन चारशे बावीस.

"अडतीस!" सून ओरडली. "बाबा, एका दिवसात अडतीस ग्रॅम!" मुलगा हसला, आजीनं डोळे पुसले. सुनेनं दोन वेळा चहा घेतला, पोटभर जेवली, आणि संध्याकाळी बाटली भरून दूध आलं. काटेकोरांना खरा आकडा ठाऊक होता: तीन तीनशे अठ्ठ्याऐंशी. चार ग्रॅम. तो त्यांनी कुठे लिहिला नाही, डोक्यात ठेवला. मनाशी म्हणाले, पोर धरायला लागली की मी हे गुपचूप परत फिरवीन. चोर तरी याहून वेगळं काय म्हणतो?

पण एकदा सुनेचा हसरा चेहरा बघितल्यावर पुन्हा तो पडलेला बघवेना. बुधवारी दुपारी शेकडा दोन केलं. गुरुवारी नर्सचा फोन आला. सुनेनं ऐटीत वही उघडून सांगितलं, तीन चारशे त्र्याहत्तर. खरी वाढ आठवड्यात नऊ ग्रॅमची होती, वहीत ती सत्त्याहत्तर झाली होती. नर्सनं डॉक्टरांना विचारून कळवलं, "छानच की. मग उद्याच्या तपासणीला यायची गरज नाही, पुढच्या शुक्रवारी या." सून आनंदानं टाळ्या वाजवायचीच बाकी होती. काटेकोर दारात उभे होते. आत्ताच सांगावं, फोन चालू आहे तोवरच सांगावं, असं वाटलं, आणि तेवढ्यात फोन बंद झाला. एक आठवड्यानं काय होतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. रविवारी शेकडा तीन.

मंगळवारी काटा म्हणाला, तीन सहाशे पाच. सोमवारपेक्षा बहात्तर जास्त.

काटेकोरांनी तर काट्याला हातही लावला नव्हता.

"आली माझी बाई वळणावर!" आजी म्हणाली. सून छटाकचे पाय हातात घेऊन बसली. "बाबा, बघा ना, मोजे घट्ट व्हायला लागलेत. इलॅस्टिकचा वळ उठतोय." आणि तिनं कात्री घेऊन दोन्ही मोज्यांचं इलॅस्टिक उसवलं आणि कौतुकानं सैल करून पुन्हा शिवलं. शिवणारणीला कपडा घट्ट झाल्याएवढा पोर वाढल्याचा दुसरा पुरावा कोणता?

बुधवारी तीन सहाशे अठ्ठ्याण्णव. आणखी त्र्याण्णव. मुलानं आईला उचलायचंच बाकी ठेवलं. काटेकोर एकटेच बर्फासारखे गार पडले होते. रविवारी आपला हात चुकला, शेकडा तीनच्या जागी सहा झालं असणार, ही त्यांची पहिली भीती. आता आकडा असाच पळत सुटेल, परवा रुग्णालयाच्या काट्यावर पालीच्या शेपटासारखा तुटून पडेल, आणि सूनबाईच्या तोंडाकडे बघायची सोय राहणार नाही. "काटा जरा पुसून आणतो," असं पुटपुटून त्यांनी तो पिशवीत घातला आणि दुकान गाठलं.

दार आतून लावून त्यांनी एकेक वजन ठेवलं. किलोला एक शून्य तीस. दोनाला दोन शून्य साठ. तीनाला तीन शून्य नव्वद. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. काटा त्यांनी सांगितलं होतं तेवढंच खोटं बोलत होता, त्याहून एक ग्रॅमही जास्त नाही. म्हणजे वाढ खरी होती. दोन दिवसांत एकशे साठ ग्रॅम.

दुसरा कोणी असता तर आनंदानं नाचला असता. काटेकोर स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत एक गोष्ट त्यांना कळली होती: तागडीत काही घातलं नाही तर तागडी खाली जात नाही. गेली, तर नको ते काहीतरी आत शिरलंय. पाणी, धूळ, गंज. आणि छटाकच्या पोटात गेलं तरी काय होतं? सोमवारपासून तिच्या बाटलीत दर वेळी दूध उरत होतं. त्यांनी स्वतः ओतून दिलं होतं. दूध कमी आणि वजन जास्त. मोज्यांचा वळ. काल पापण्या सुजल्यासारख्या वाटल्या तेव्हा आजी म्हणाली होती, "झोप छान लागतेय."

ते पळाले. सत्तरी जवळ आलेला माणूस भर सकाळी, हातात काटा घेऊन, रस्त्यानं पळत होता, आणि चौकातला न्हावी ओरडला, "काका, कोणी मापात मारलं काय?" त्यांना ऐकूही गेलं नाही.

घरी येऊन त्यांनी छटाकचा मोजा ओढून काढला आणि पावलावर अंगठा दाबला. अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला.

"काय झालं बाबा?" सून म्हणाली.

त्यांनी रुग्णालयाचा नंबर लावला. सुदैवानं तीच नर्स होती. पायाला सूज आहे, श्वास वाढलाय, दूध टाकतेय, वजन दोन दिवसांत एकदम चढलंय, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

"आजचं वजन किती?"

सून वही घेऊन शेजारी आली होती. तिनं पान पुढे केलं आणि बोटानं दाखवलं.

"तीन पाचशे नव्वद," काटेकोर म्हणाले.

"बाबा, सहाशे अठ्ठ्याण्णव," सून कुजबुजली.

"वहीतले आकडे खोटे आहेत." हे ते फोनमध्ये बोलले, पण डोळे सुनेकडे होते. "मी काटा फिरवलाय. बारा दिवस झाले. खरे आकडे माझ्या पाठ आहेत, लिहून घ्या." आणि त्यांनी शनिवारपासूनचे बाराही आकडे ओळीनं सांगितले, एकदाही न अडखळता. शेवटचे तीन दोनदा सांगितले. सुनेच्या हातातली वही हळूहळू खाली आली.

मग नर्सचा आवाज बदलला. "दोन दिवसांत एकशे साठ? ती वाढ नाही आजोबा, अंगात पाणी साठतंय. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, वजन अचानक चढलं तरी लगेच आणा म्हणून? आत्ता निघा."

हेच ते हुकलेलं वाक्य. ते बोललं जात होतं तेव्हा काटेकोर बुडबुडा बघत होते.

टॅक्सीत पुढे मुलगा, मागे तिघं. छटाक आईच्या मांडीवर, ओठांच्या कडा निळसर. सून तिच्या छातीकडे बघत तोंडातल्या तोंडात श्वास मोजत होती. साठ, एकसष्ट, बासष्ट. काटेकोरांच्या आणि तिच्यामध्ये आजी बसली होती, भिंतीसारखी. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आजी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. पण मग तो तुमच्या कपाळी बसू दे. पोरीच्या का?"

पोर वाचू दे, मग मला काय हवं ते होऊ दे, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. आपल्यामुळे गेली तर, हा विचार अर्धा यायचा आणि ते तो पुरा होऊ द्यायचे नाहीत.

रुग्णालयात छटाकच्या नाकाला नळी लागली, हाताला सुई. पाणी काढायचं औषध आता शिरेतून. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा काटेकोर स्वतःच पुढे झाले. "चूक माझी आहे. यांची कोणाची नाही."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि तेच अवघड गेलं. "खरे आकडे असते तर गेल्या शुक्रवारची तपासणी मी पुढे ढकलली नसती," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही आणलंत हे बरं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं. आता साडेचार किलोची वाट बघता येणार नाही. पाणी उतरलं की शनिवारी ऑपरेशन."

"पण धोका?" मुलानं विचारलं.

"आहे. थांबण्यात त्याहून जास्त आहे."

तीन दिवस सून काटेकोरांशी एक शब्द बोलली नाही. डबा त्यांनी आणला तर घ्यायची, झाकण उघडायची, खायची. खात होती, एवढं त्यांनी दुरून बघून ठेवलं. ते जिन्याजवळच्या बाकावर बसून असत. तिथून अतिदक्षता विभागाचं दार दिसे. दार उघडलं की ते उभे राहत, मिटलं की बसत. दुकान बंदच होतं. कोणी काटा घेऊन आलं असतं तरी तो तपासायचा कुठल्या तोंडानं, हा प्रश्न होताच.

शनिवारी सकाळी आत न्यायच्या आधी वजन करायचं होतं. भुलीचं औषध त्या आकड्यावर ठरतं. तीच नर्स, तोच काटा. सूज उतरल्यावर छटाक पूर्वीहून लहान वाटत होती. सुनेनं तिला काट्यावर ठेवायला हात पुढे केले आणि मध्येच थांबवले.

"हा काटा तपासलेला आहे?" तिनं नर्सला विचारलं.

मुलानं मान खाली घातली. काटेकोर दाराशी उभे होते, त्यांना वाटलं जमीन दुभंगावी.

"तुमच्या सासऱ्यांनीच तपासला होता की, पहिल्या दिवशी," नर्स म्हणाली.

सून वळली. तीन दिवसांत तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले, कोरडे. "बाबा, बरोबर आहे हा?"

ते पुढे आले. वाकून बुडबुडा बघितला. खिशातून रुमाल काढला, गाठ सुटेना, दातांनी सोडवली. पितळी वजन ठेवलं. एक किलो, शून्य शून्य शून्य. "बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की, पोरी."

मग तिनं छटाकला ठेवलं. तीन चारशे पंधरा. आकडा तिनं स्वतःच वाचला, मोठ्यानं. महिन्याभराच्या धडपडीनंतर पोर होती तिथेच होती, आणि आता ती एवढीशीच त्या दारातून आत जाणार होती. दार मिटलं. सूनबाई बाकावर बसली, काटेकोर दुसऱ्या टोकाला. पाच तास. कोणी चहा आणला, तो गार झाला. एकदा आतून कोणीतरी धावत बाहेर आलं आणि दुसऱ्या दिशेला गेलं, तेव्हा सूनबाईचा हात बाकावर चाचपडत सरकला आणि हाताला लागली ती त्यांची बाही तिनं मुठीत धरली. बाही कोणाची आहे हे तिनं बघितलं की नाही, कोण जाणे. पाच तासांनी डॉक्टरीणबाई आल्या, टोपीचा वळ कपाळावर घेऊन, आणि म्हणाल्या, "भोक बंद झालंय. पुढचे दोन दिवस नाजूक आहेत." ते दोन दिवस कसे गेले, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अठराव्या दिवशी छटाक घरी आली. छातीवर टाक्यांची उभी रेघ, श्वास सावकाश. इतका सावकाश की सवय नसल्यानं आजी दर थोड्या वेळानं तिच्या नाकापुढे बोट धरायची.

काटा काटेकोरांनी आधीच उलटा करून खरा केला होता, सगळ्यांसमोर, टेबलावर. तरी दुसऱ्या दिवशी सात वाजता पंखा बंद झाल्यावर सूनबाईनं हात पुढे केला. "बाबा, ते वजन द्या."

त्यांनी रुमाल सोडला. तिनं वजन उघड्या हातानं उचललं आणि काट्यावर ठेवलं. हाताच्या घामाचं ते काही बोलले नाहीत. एक किलो, शून्य शून्य शून्य. तिनं आकडा दोनदा वाचला, वजन बाजूला ठेवलं आणि मग छटाकला काट्यावर निजवलं. चौघांनी श्वास रोखला. भीती होतीच, तीच, जुनी. आकडे पळाले, थांबले. रुग्णालयातून निघतानाच्या वजनापेक्षा बारा ग्रॅम कमी.

काटेकोर सुनेच्या तोंडाकडे बघत होते.

"बारा कमी," तिनं मोठ्यानं म्हटलं आणि वहीत लिहिलं. छटाकला दुपट्यात गुंडाळून आजीकडे दिलं. "आई, चहा टाका. आणि काहीतरी खायला द्या, भूक लागलीय मला. नर्सला फोन करून विचारते, बारा कमी म्हणजे काय ते."

पितळी वजन तिनं परत दिलं नाही. ते आता तिच्या शिवणाच्या डब्यात असतं, आणि रोज सकाळी सातला बाहेर निघतं. काटेकोरांनी ते मागितलं नाही.